सातवीचे विज्ञान, नर्मदेच्या काठी

सहावी-सातवीतल्या मुलांच्या पाठीवर विज्ञानाचे पुस्तक असते. डोक्यात ते किती उतरते, आणि उतरते ते नेमके काय? जबलपूरच्या एका मराठी घरातील आजीने नातीबरोबर वर्षभर सातवीचे विज्ञान ‘केले’. त्याचा हा वृत्तान्त.

“आजी, हे पेपरात येईल का गं?”

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या नातीने मला हा प्रश्न विचारला, आणि माझ्या हातातली लाटणी थांबली. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी मला भंडावून सोडायची. पोळी फुगते का, सरडा मान का हलवतो, रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात? सातवीत पाऊल ठेवताच तिचे सगळे प्रश्न आटून एकच उरला होता. पेपरात येईल का?

मला वाईट वाटले, कारण हा आजार माझ्या ओळखीचा होता. मीही सातवीत होते, साठ वर्षांपूर्वी, नागपुरात. आईच्या पांढऱ्या पातळावर हळदीचा डाग पडला. तिने साबण लावला तर डाग लालभडक झाला, आणि खळखळून धुतल्यावर पुन्हा पिवळा. मी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले की असे का होते. उत्तर आले, “पुस्तकात आहे का ते? मग बस खाली.” मुली हसल्या. त्यानंतर मी विज्ञानाच्या तासाला कधी हात वर केल्याचे मला आठवत नाही. पुढे लग्न होऊन जबलपूरला आले, हळदीचे शेकडो डाग धुतले, पण ‘का’ हे कुणाला विचारले नाही.

म्हणून ठरवले की या वर्षी नातीबरोबर आपणही सातवीत बसायचे.

बारा धडे, एक गाव

तिच्या शाळेत एन.सी.ई.आर.टी.चे पुस्तक आहे. सहावीचे नवे पुस्तक २०२४ मध्ये आले आणि सातवी-आठवीची २०२५ मध्ये. इंग्रजीत त्याचे नाव ‘क्युरिऑसिटी’, हिंदीत ‘जिज्ञासा’. पुस्तकाला प्रश्न विचारण्याच्या हौसेचेच नाव दिले आहे, हे मला फार आवडले.

सातवीत बारा धडे आहेत. विज्ञान म्हणजे काय, आम्ल आणि आम्लारी, विजेचे परिपथ, धातू-अधातू, भौतिक आणि रासायनिक बदल, किशोरवय, उष्णतेचे वहन, काळ आणि गती यांचे मापन, प्राण्यांतील जीवनक्रिया, वनस्पतींतील जीवनक्रिया, प्रकाश आणि सावल्या, आणि शेवटी पृथ्वी-चंद्र-सूर्य. त्याआधी सहावीत चुंबक, लांबीचे मापन, पाण्याच्या अवस्था वगैरे होऊन जाते. आठवीत सूक्ष्मजीव, बल, दाब, द्रावणे, भिंगे असे पुढचे विषय येतात.

यादी वाचून दडपण येते, पण गंमत म्हणजे यातले बहुतेक सगळे स्वयंपाकघरात, गच्चीवर किंवा आपल्या गावात हजर असते. आमचे जबलपूर तर या बाबतीत भाग्यवान. नर्मदा आहे, संगमरवराचे कडे आहेत, काळी जमीन आहे, मदनमहालचे ग्रॅनाइट आहे. प्रश्न एवढाच, की मुलांना तिथे नेऊन पाहायला आणि विचारायला कोण लावणार?

हळदीचा डाग

दुसराच धडा आम्ल-आम्लारीचा निघाला. मी मनात म्हटले, साठ वर्षांनी का होईना, माझ्या प्रश्नाचा नंबर लागला!

हळद पाण्यात कालवून कागदाला लावली, वाळवली, पट्ट्या कापल्या. नातीने वाट्या मांडल्या. लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा, पानाचा चुना, साधे पाणी. माझी अट एकच होती. पट्टी बुडवण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचे, आणि मग बुडवायची. साबण, सोडा, चुना यांत पट्टी लाल झाली. लिंबू, चिंच, पाणी यांत पिवळीच राहिली. लाल झालेली पट्टी लिंबात बुडवली तर पुन्हा पिवळी!

हळदीत जो रंगद्रव्याचा अंश असतो, तो आम्लारीच्या संगतीत रंग बदलतो आणि आम्ल भेटले की मूळ रंगावर येतो. म्हणजे माझ्या आईच्या पातळावरचा डाग साबणातल्या आम्लारीमुळे लाल होत होता आणि भरपूर पाण्याने साबण निघून गेला की पुन्हा पिवळा. पूर्वी घरोघरी हळदीपासून कुंकू करीत, त्यात खारवट पदार्थ घालीत, तेही याच कुळातले ज्ञान. कपाळावर रोज रसायनशास्त्र लावत होतो आणि वर्गात मात्र ‘पुस्तकात नाही’ म्हणून गप्प बसत होतो.

एक जाता जाता. आमच्यासारख्या परप्रांतातल्या मराठी मुलांना विज्ञान तीन भाषांतून शिकावे लागते. घरी मराठी, बाहेर हिंदी, पुस्तक इंग्रजी. नातीने एकदा मराठी पुस्तकात वाचले की आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि ती गोंधळली. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात. मी तिला एक तीन रकान्यांची वही करून दिली. शब्द तिन्ही भाषांत लिहायचा आणि पुढे घरातले एक उदाहरण. शब्द पाठ करायची वेगळी गरज उरली नाही.

आजोबांचा हत्ती

आम्ल म्हटले की जबलपूरकराला भेडाघाट आठवायला हवा. नर्मदेच्या दोन्ही काठांवरचे ते पांढरेशुभ्र कडे संगमरवराचे. संगमरवर म्हणजे मुळात चुन्याच्या जातीचा खडक. जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब यांनी त्याचे रूप पालटते, म्हणून त्याला रूपांतरित खडक म्हणतात. आणि चुन्याच्या जातीच्या खडकावर आम्ल टाकले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, हे पुस्तकात आहे.

आमच्या दिवाणखान्यात तीस वर्षांपासून एक पांढरा हत्ती आहे. भेडाघाटहून ह्यांनी आणलेला ‘संगमरवरी’ हत्ती. नातीने त्याच्या पायावर व्हिनेगरचा थेंब टाकला. बुडबुडा नाही! नंतर तिने नखाने खरवडले, तर पांढरी भुकटी निघाली. बोटांना साबणासारखी गुळगुळीत.

“आजोबा, तुमचा हत्ती खोटा आहे!”

“हात लावू नकोस त्याला!” आजोबा कडाडले.

हत्ती खोटा नव्हता. तो संगजिऱ्याच्या दगडाचा होता. भेडाघाटला कारागीर ज्या मूर्ती आणि वस्तू कोरतात, त्यांतल्या पुष्कळशा या मऊ दगडाच्या असतात, कारण तो छिन्नीला सहज वश होतो. ज्या खनिजामुळे तो इतका मऊ असतो, त्याचीच भुकटी टाल्कम पावडरीत असते. खरा संगमरवर नखाने खरवडत नाही.

मग खऱ्या संगमरवराची परीक्षा घेतली. घाटावर पडलेला एक तुकडा आणला आणि त्यावर व्हिनेगर टाकले, तर तोही ढिम्म! नात हिरमुसली. शेजाऱ्यांकडून अंड्याचे टरफल मागून आणले (आमच्या घरात अंडे येत नाही, हेही विज्ञानापुढे वाकले). त्यावर मात्र झरझर बुडबुडे आले. मग संगमरवर का गप्प? शोध घेतल्यावर कळले की भेडाघाटचा संगमरवर डोलोमाइट जातीचा आहे, त्यात चुन्याबरोबर मॅग्नेशियमही असते, आणि असा दगड सौम्य आम्लाला चटकन दाद देत नाही. खलबत्त्यात कुटून भुकटी केली आणि कोमट व्हिनेगरमध्ये टाकली, तेव्हा अगदी बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

त्या संध्याकाळी नातीने वहीत लिहिले, ‘पहिल्यांदा उत्तर चुकले. प्रयोग चुकला नव्हता.’ मला वाटते सातवीच्या सगळ्या विज्ञानात तिने लिहिलेले हे सर्वांत चांगले वाक्य. आजोबा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना स्वतःच हत्तीच्या पायाला नख लावून दाखवत होते!

पावसाचे पाणी कुठे जाते?

भर पावसाळ्यात आम्ही उष्णता आणि पाण्याचा धडा उघडला. त्यात पाणी जमिनीत कसे मुरते हा भाग आहे. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या कापल्या. एकीत नर्मदेची वाळू, दुसरीत शेतातली काळी माती. दोन्हींत एकेक पेला पाणी ओतले आणि घड्याळ लावले. वाळूतून पाणी बघता बघता खाली उतरले. काळ्या मातीवर ते साचून बसले.

आता हा प्रयोग घेऊन जबलपूरच्या परिसरातील शेतकऱ्याकडे जा. या भागात ‘हवेली’ नावाची जुनी शेतीची पद्धत आहे. शेताला चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचे. शेते तळ्यांसारखी दिसतात. पावसाळा सरला की पाणी सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. काळी माती पाणी धरून ठेवते, या एका गुणावर ही सारी पद्धत उभी आहे. वाळूच्या जमिनीत ती जमली नसती. ज्यांनी ती पहिल्यांदा बसवली, त्यांनी सातवीची परीक्षा दिली नव्हती, पण प्रयोग मात्र केला होता.

गावातली तळी हाही याच धड्याचा भाग. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावे आम्ही रोज घेतो. राणीताल राणी दुर्गावतीचे, चेरीताल तिच्या दासीचे आणि अधारताल तिच्या दिवाणाचे, असे इथे सांगतात. पूर्वी जबलपुरात बावन्न तळी होती असेही म्हणतात. कितीतरी आता फक्त मोहल्ल्यांची नावे म्हणून उरली आहेत. पाऊस पडला की तिथे रस्त्यावर पाणी का तुंबते, हा प्रश्न नातीने विचारला. त्याचे उत्तर मी दिले नाही, कारण बाटलीतल्या काळ्या मातीकडे पाहून तिला ते सुचले होते.

संकष्टीचा चंद्र

शेवटचा धडा पृथ्वी, चंद्र आणि सूर्य. पण तो शेवटी करून चालत नाही, कारण चंद्र परीक्षेची वाट पाहत नाही. आम्ही कोजागरीला सुरुवात केली. त्या रात्री भेडाघाटला नर्मदेवर लोकांची गर्दी उसळते, चांदण्यात संगमरवराचे कडे पाहण्यासाठी. आम्हीही गेलो. सूर्य मावळतो न मावळतो तोच पूर्वेला चंद्र! नातीला म्हटले, आता रोज चंद्र उगवण्याची वेळ लिहायची.

चौथ्या दिवशी ती कंटाळली. चंद्र रोज उशिरा, आणखी उशिरा! पण चौथ्याच दिवशी होती संकष्टी. मराठी घरात संकष्टीला चंद्रोदयाची वाट कशी पाहतात ते सांगायला नको. चंद्र पृथ्वीभोवती रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून तो आपल्याला दिसायला रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर होतो. पौर्णिमेला तिन्हीसांजेला उगवणारा चंद्र चतुर्थीला उपाशी माणसाला ताटकळत ठेवतो तो यामुळेच.

मुंबईच्या आत्याचा फोन आला, “आमच्याकडे अजून नाही उगवला.” आमचे जेवण झालेले! जबलपूर मुंबईच्या पूर्वेला सात अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे साधारण अर्धा तास. भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेगळ्या वेळा का छापतात, ते त्या फोनवर आत्यालाही कळले.

बनखेडीचे स्टेशन

आता थोडे थांबून एक गोष्ट सांगते. मुंबईहून जबलपूरला रेल्वेने येताना इटारसीनंतर सोहागपूर, पिपरिया, बनखेडी अशी स्टेशने लागतात. माहेरच्या वाटेवर मी ती कितीदा तरी पाहिली. चहावाल्यापलीकडे लक्ष गेले नाही. आता कळते की मी एका फार मोठ्या प्रयोगाच्या दारावरून जात होते.

हा सारा मुलूख जुन्या होशंगाबाद जिल्ह्याचा. आता त्याचे नाव नर्मदापुरम आहे. १९७२ साली या जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान नव्या रीतीने शिकवायला सुरुवात झाली. त्यामागे दोन संस्था होत्या. बनखेडीजवळची ‘किशोर भारती’ आणि होशंगाबादजवळ रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. त्या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक या शाळांत येऊन शिक्षकांबरोबर काम करू लागले.

रीत साधी होती. चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला प्रयोगाचे साहित्य. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकात तयार उत्तरे नसत, प्रयोग करून शोधायचे प्रश्न असत. मुले पाने गोळा करून त्यांचे गट पाडत, दोऱ्याला दगड बांधून काळ मोजत, आकाश पाहत. परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवायला परवानगी! शिवाय प्रयोगाचीही परीक्षा होई. पाठांतर करून मिळवायचे काही शिल्लकच ठेवले नव्हते.

आणि माझ्या मनाला लागलेली गोष्ट म्हणजे ‘सवालीराम’. हे एक काल्पनिक पात्र. मुलांनी मनात येईल तो प्रश्न त्याला पत्राने विचारायचा आणि सवालीरामच्या नावे त्यांना उत्तर जायचे. मी विचार करते, माझ्या लहानपणी असा सवालीराम असता, तर हळदीच्या डागाचे उत्तर मला टपालाने आले असते.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनिअर रजा घेऊन इथे आला. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून त्याने त्रिकोण, चौकोन, घनाकृती करून दाखवल्या. तेच अरविंद गुप्ता. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम पुढे नेले. अखेरीस पंधरा जिल्ह्यांत सुमारे हजार शाळा आणि लाखभर मुले त्यात होती. यातल्या बहुतेक साध्या सरकारी शाळा, शेतकऱ्या-मजुरांची मुले. महाराष्ट्रातही त्याच काळात, १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातील शाळांत काम केले होते.

२००२ साली राज्य शासनाने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले-बोलले गेले. पण एक गोष्ट तीस वर्षांत सिद्ध झालेली होती. महागडी प्रयोगशाळा नसली तरी खेड्यातले मूल विज्ञान ‘करू’ शकते, शिक्षकाला ‘मला माहीत नाही, चल पाहू’ म्हणण्याची मुभा असली म्हणजे झाले. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला. खरे ओझे न समजता पाठ करण्याचे आहे, हेच त्याचे सार होते. आजच्या पुस्तकांत जागोजागी ‘करून पाहा’ असते, त्यामागे अशा कितीतरी लोकांची मेहनत आहे. पण पुस्तकात ‘करून पाहा’ छापले म्हणून घरात आणि वर्गात ते केले जातेच असे नाही. बहुतेक ठिकाणी तो चौकोन ‘वाचून पाहा’ असाच राहतो!

हाड सापडले, कारण कोणी वाकून पाहिले

हिवाळ्यात काळाच्या मापनाचा धडा झाला. दोऱ्याला दगड बांधून लंबक केला. नातीने आधी लिहिले, ‘जड दगड लवकर झुलेल.’ लहान दगड, मोठा दगड, कुलूप, सगळे बांधून पाहिले. दोरा तेवढाच, तर वेळ तेवढाच! एक मीटर दोऱ्याला एका झोक्यासाठी साधारण दोन सेकंद. दोरा पाव मीटर केला तर एक सेकंद. वजनाने नव्हे, लांबीने फरक पडतो. तिचा अंदाज पुन्हा चुकला, आणि या वेळी ती हिरमुसली नाही.

थंडीच्या एका रविवारी मदनमहालचा ‘बॅलन्सिंग रॉक’ पाहिला. एका दगडावर दुसरा प्रचंड दगड जेमतेम टेकलेला. २२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर जबलपूर भूकंपाने हादरले, घरे पडली, माणसे गेली. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. हा दगड मात्र जागचा हलला नाही. वजनाचा मध्य टेकलेल्या जागेच्या वर असेल तोवर वस्तू पडत नाही, हे पुढे ती रीतसर शिकेल. पण तिने आत्ताच बोटावर पट्टी तोलून पाहिली.

परतताना छावणीच्या बाजूने आलो. इथेच बडा शिमला टेकडी आहे. १८२८ साली इथे कॅप्टन विल्यम स्लीमनला काही विचित्र हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन. तो भूशास्त्रज्ञ नव्हता, फौजेतला आणि कारभारातला माणूस. पण त्याने ती हाडे ‘असतील कसली तरी’ म्हणून फेकली नाहीत. ती तज्ज्ञांकडे गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. तो डायनोसॉर होता! ज्या थरांत अशी हाडे मिळतात त्यांना जबलपूरच्याच लम्हेटाघाटावरून ‘लमेटा’ हे नाव पडले आहे. मजा म्हणजे ही मूळ हाडे पुढे हरवली ती हरवलीच असे सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांतले एक कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडले.

“म्हणजे स्लीमनला पेपर नव्हता?” नातीने विचारले.

“नव्हता.”

“तरी त्याने ठेवली?”

“तरी ठेवली.”

पालकांसाठी थोडेसे

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, आजींना वेळ आहे. खरे आहे. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना रोज प्रयोग मांडणे जमणार नाही. पण आठवड्यातून अर्धा तास पुरतो. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली, प्रयोगाआधी मुलाला अंदाज लिहायला लावा. अंदाज चुकला की ओरडू नका, तिथेच खरे शिक्षण सुरू होते. दुसरी, उत्तर येत नसेल तर तसे सांगा. ‘मला माहीत नाही’ हे शब्द मोठ्यांच्या तोंडून ऐकले की मुलांना विचारायचा धीर येतो. तिसरी, धडा पुस्तकाच्या क्रमानेच हवा असे नाही. चंद्र कोजागरीला, पाणी पावसाळ्यात, बी-बियाणे पेरणीच्या वेळी. चौथी, विस्तव, वीज आणि तीव्र आम्ल यांच्या वाटेला एकट्या मुलाला जाऊ देऊ नका. परिपथासाठी घड्याळातला सेल पुरतो, भिंतीतल्या प्लगला हात नको.

आणि गुण? नातीला विज्ञानात चांगले गुण मिळाले. पहिली आली नाही. हत्तीचा आणि संगमरवराचा प्रश्न पेपरात आला नाही, हळदीचा मात्र आला.

ता. क. : एक गोष्ट राहून गेली. सावल्यांचा धडा करताना आम्हाला कळले की जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. म्हणून इथे वर्षातून दोनदा, २१ जूनच्या आठ-नऊ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीत हे कधीच घडत नाही. जूनच्या शेवटी इथे बहुधा ढग असतात, म्हणून आम्ही १२ जूनची वाट पाहत आहोत. गच्चीवर काठी आतापासूनच उभी करून ठेवली आहे.

परवा नातीने विचारले, “आजी, मग नागपूरला मामाकडे सावली कधी जाते?” मला माहीत नव्हते. तिने नकाशा काढला, अक्षांश पाहिले आणि वहीत आकडेमोड करत बसली. मे महिन्याच्या २६ तारखेच्या आसपास, असे तिचे उत्तर निघाले. मग म्हणाली, “मामाला फोन लाव. त्या दिवशी दुपारी त्याला गच्चीवर उभा करायचा आहे.”